अननसाच्या करंज्या

तळणीचा वास आला की आईला उलटी व्हायची. त्यामुळे त्या उन्हाळ्यात आमच्या घरात कढई चढली नाही. करंज्या भाजायची कल्पना तिथून निघाली.

ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं. आम्ही मरोळच्या गावठाणात एका ख्रिस्ती घरमालकिणीच्या दुमजली घरात वरच्या दोन खोल्यांत राहत होतो. ती खाली राहायची. सगळी गल्ली तिला आंटी म्हणायची; बाबाही म्हणायचे, वास्तविक ती त्यांच्यापेक्षा लहान होती. बाबा तिथल्याच औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात टर्नर होते आणि नुकतेच निवृत्त झाले होते. मी एका दैनिकात बातम्यांच्या डेस्कवर काम करत होते. धाकटा भाऊ मस्कतला फिटर होता. आई आजारी होती.

आजाराचं नाव घरात कुणी घेत नसे. पोटात गाठ होती आणि ती काढायची होती. पालिकेच्या इस्पितळातल्या डॉक्टरांचं म्हणणं स्पष्ट होतं: अंगात रक्त नाही, वजन नाही, या स्थितीत टेबलावर घेता येणार नाही. "आधी खायला घाला," ते म्हणाले. "जे जाईल ते घाला. पथ्य काही नाही." त्यांनी तारीख दिली, ती पुढे ढकलली. मग दुसरी दिली. दर वेळी काट्यावर उभं केलं की आई आधीपेक्षा हलकी भरायची. म्हणजे सगळा प्रश्न एवढाच उरला होता की आईनं खावं. आणि आई खात नव्हती.

भात तिला घशात अडकल्यासारखा वाटे. पेज दोन घोट घेऊन ती वाटी बाजूला सरकवायची. माशाचं कालवण तिच्यासमोर नेता येत नव्हतं. मालवणकडच्या बाईच्या बाबतीत ही बातमीच म्हणायची. कोरडं, गोड, हातात धरून थोडं थोडं तोडता येईल असं काही असलं तर ती ते तोंडात टाकायची. "करंजी असती तर खाल्लंय असतंय," असं ती एकदा म्हणाली, आणि लगेच, "पण तळूक नको."

हे बाबांनी जिन्यात आंटीला सांगितलं. आंटी म्हणाली, "मग भाजा ना. आमच्याकडे नाताळात नेवऱ्या करतात, तुमच्या करंज्याच त्या, आमची सासू अर्ध्या तळायची, अर्ध्या भट्टीत द्यायची. माझा ओव्हन आहे. घेऊन या खाली."

आंटीचा ओव्हन गोल होता, ॲल्युमिनियमचा, झाकणाच्या मधोमध काच बसवलेला. वर्षभर तो कपाटावर कापडात गुंडाळलेला असे आणि डिसेंबरात केकसाठी खाली उतरे. बाबांनी त्याच्याकडे पहिल्यांदा पाहिलं ते यंत्राकडे पाहावं तसं. कॉइल कुठे आहे, वर की खाली, काच किती तापते, झाकण बसतं कसं. मग त्यांनी ठरवलं की करंज्या आपण करायच्या. आईला उठवत नव्हतं, माझी पाळी सकाळची असायची, आणि बाबांना दिवसभर काही काम नव्हतं. त्याआधी त्यांनी घरात चहाशिवाय काही केल्याचं मला आठवत नाही.

आई पलंगावरून सांगायची. मोहन किती गरम, पीठ किती घट्ट, पारी किती पातळ. तिचं सगळं ज्ञान तळणीचं होतं, भाजणीचं नव्हतं, त्यामुळे ती सांगेल तसं केलं तरी चुकायचंच. पहिला घाणा खालून काळा आणि वरून कच्चा निघाला. दुसऱ्याला रंग आला, पण आईनं करंजी नखानं वाजवून बघितली.

"ही करंजी न्हय," ती म्हणाली. "पत्रो आसा."

"पत्र्याला धार तरी असते," बाबा म्हणाले.

"हिकाय आसा. माजो जबडो फाडतली."

बाबा हसले नाहीत. त्यांनी दुसऱ्या दिवशी पिठात तुपाचं प्रमाण वाढवलं, दुधाचा हात लावला, आणि घरातली एक जुनी लोखंडी कडी घासूनपुसून पाऱ्या कापायला घेतली, म्हणजे सगळ्या एका मापाच्या येतील. तिसऱ्या दिवशीची करंजी दातांखाली तुटली. आईनं अर्धी खाल्ली. आंटीनं खालून ओरडून विचारलं, "पास की नापास?" बाबांनी जिन्यातून उत्तर दिलं, "काठावर."

खोबऱ्याचं सारण आईला कोरडं लागत होतं, म्हणून फळं भरायचं ठरलं. सफरचंद शिजवून भरलं तर ती म्हणाली, "सफरचंद आजाऱ्याचा फळ, त्येची चव घेतली की मी आजारी आसंय ह्यां आठवता." चिकूचा चिखल झाला. अननस जमला. बाबा नाक्यावरून अननस आणायचे, डोळे काढून बारीक चिरायचे, साखरेत आटवून त्याचा घट्ट गोळा करायचे, त्यात वेलची घालायचे. कडा दुमडून त्यावर काट्याची टोकं दाबायचे, आंटीनं शिकवलं होतं तशी. पंधरवडाभर आई अननसाच्या करंज्यांवर होती. दिवसाला एक, कधी दीड. त्या पंधरवड्यात वजनाचा काटा स्थिर राहिला. डॉक्टर म्हणाले, असंच चालू द्या. त्या दिवशी बाबा इस्पितळातून घरी आले आणि न जेवता पीठ मळायला बसले.

मग औषधांनी आईचं तोंड आलं. जीभ सोलल्यासारखी लाल झाली आणि अननस झोंबू लागला. शिजवलेलाही झोंबायचा. ती एक घास घेऊन डोळे मिटायची आणि करंजी ताटलीत ठेवायची. "उद्या खातलंय," म्हणायची. पुन्हा पेजेचे दोन घोट.

मे महिना होता. आंब्यांचे दिवस होते. आई आंबा खात नव्हती, आणि त्याचं कारण तोंड नव्हतं.

काशीला गेलं की एक फळ आणि एक भाजी तिथं सोडून यायची, ही रीत. सोडलेलं जन्मभर खायचं नाही. बहुतेक लोक त्यात शहाणपण करतात. बाबांची बहीण कवठ सोडून आली. तिनं कवठ त्याआधीही कधी खाल्लेलं नव्हतं. आमच्या आईनं आंबा सोडला. काही वर्षांपूर्वी भाऊ एजंटमार्फत मस्कतला गेला आणि त्यानंतर त्याची काहीच खबर येईना. एजंटच्या ऑफिसला कुलूप होतं. बाबा रोज तिथं जाऊन कुलूप बघून येत. त्याच वेळी गावची मंडळी काशीला निघाली होती, आई त्यांच्याबरोबर गेली. तिला सगळ्यांत प्रिय जे होतं ते तिनं गंगेत सोडलं आणि बदल्यात मुलगा मागितला. परत आली तेव्हा भावाचं पत्र घरी येऊन पडलं होतं: मी सुखरूप आहे, काम मिळालं आहे. आईच्या लेखी व्यवहार पुरा झाला. तिनं तो पाळायचा होता.

तिनं तो असा पाळला की आमच्या घरात आंबा कमी झाला नाही. दर मोसमात गावाहून पेटी यायची, गवतात घातलेली, आणि ती आईच्याच पलंगाखाली जायची. पेटीचा कारभार तिचाच. कुठला आंबा आज कापायचा, कुठला उद्या, हे ती वासावर ठरवायची. दाबून बघणाऱ्यांचा तिला राग होता. "दाबूक काय तो रबराचो चेंडू आसा?" आंबा कापून आम्हाला वाढायची आणि हात कोपरापर्यंत धुवायची. बोट चाटायची नाही. त्या वर्षीही, पलंगावर पडल्यापडल्या, ती हेच करत होती. मी पेटीतला एकेक आंबा काढून तिच्या नाकाशी धरायची आणि ती डोळे मिटून सांगायची: "ह्यो आज. ह्यो परवा. ह्यो अजून झोपलो आसा, ठेव."

एके दुपारी मी खोलीत आंबा कापत होते. आईला डोळा लागला असावा असं मला वाटलं होतं. ती एकदम म्हणाली, "गो बाय, साल दी माका." मी साल हातात घेऊन वळले. तोपर्यंत ती पूर्ण जागी झाली होती. माझ्या हातातल्या सालीकडे तिनं बघितलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. "नको," म्हणाली. "झोपेत बोललंय."

बाबा दारात उभे होते. त्यांनी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी ते देवळातल्या गुरुजींना विचारून आले. काशीला सोडलेलं फळ आजारपणात घेता येतं का? गुरुजी म्हणाले, औषध म्हणून घ्यायला हरकत नाही. बाबांनी घरी येऊन हे आईला सांगितलं, एखादा परवाना आणावा तसं.

आई म्हणाली, "औषध कडू असता. ह्यां गोड लागतला, म्हणजे औषध न्हय."

"पण गुरुजी म्हणतत..."

"गुरुजींचो झील मस्कतात नाय."

बाबांनी यावर वाद घातला नाही. ते पुन्हा देवळात गेले. आणि या वेळी त्यांनी दुसरा प्रश्न विचारला: अजाणता खाल्लं गेलं तर? गुरुजी म्हणाले, अजाणता घडलं तर खाणाऱ्याला दोष नाही. मग दोष कुणाला, हे बाबांनी विचारलं का, ते मला माहीत नाही. विचारलं नसावं. ते त्यांनी स्वतःच ठरवलेलं होतं.

खाली आंटीच्या स्वयंपाकघरात ते मला म्हणाले, "अननसात आंबा घालायचा. निम्मा निम्मा. वेलची जास्त. वास दाबून टाकायचा."

आंटी ओटा पुसत होती. ती थांबली. "आमचा पण उपास असतो," ती म्हणाली. "चाळीस दिवस मटण नाही. ईस्टरला सुटतो. तिचा कधी सुटतो?"

"सुटत नाही."

"कधीच?"

"कधीच नाही."

"मग तुम्ही तिला फसवणार, ठीक आहे, नवरा-बायकोचं काय ते तुम्ही बघा. पण वर तो बसलाय त्याला कोण फसवणार?"

"वरचं मी बघतो," बाबा म्हणाले. "तिनं खाल्लं पाहिजे. मला डॉक्टरनं तारीख दिलीये."

नाकाशी आंबा धरल्यावर तो कोणत्या दिवशी पिकेल हे सांगणारी बाई वेलचीनं फसणार नाही, हे मला कळत होतं आणि बाबांनाही कळत असलं पाहिजे. तीस-पस्तीस वर्षं त्यांनी तिला पेटीशी बसलेलं पाहिलं होतं. तरी ते आंब्याचा रस मंद आचेवर आटवत राहिले.

शुक्रवारी मला सुट्टी असायची. त्या शुक्रवारी सकाळी बाबांनी दोन प्रकारच्या करंज्या भाजल्या. काही नुसत्या अननसाच्या, आमच्यासाठी, म्हणजे आम्ही तिच्यासमोर खाऊ आणि तिला शंका येणार नाही. बाकीच्या मिसळलेल्या. बाहेरून दोन्ही सारख्याच. आंटीच्या बिस्किटांच्या डब्यात त्यांनी खाली मिसळलेल्या ठेवल्या, वर कागद घातला, कागदावर अननसाच्या. वर नेताना आईसाठीची एक आणि आमच्या दोन अशा ताटलीत वेगळ्या लावल्या आणि जिना चढताना ती ताटली फिरू नये म्हणून अंगाशी धरून चढले.

आईला उशीला टेकवून बसवलं. बाबांनी तिच्या हातात करंजी दिली, आपली उचलली आणि चावली. मीही चावली.

आईनं करंजी तोंडाजवळ नेली आणि थांबली. हात तसाच. मग तिनं ती तोंडात घालून एक तुकडा तोडला. जबडा हलायचा थांबला. तिनं बाबांकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. हातातल्या उरलेल्या करंजीच्या तुटलेल्या कडेकडे पाहिलं, जिथून सारण दिसत होतं.

बाबा म्हणाले, "आज अननस गोड निघालो." त्यांचा आवाज फार मोठा झाला.

ती पुन्हा चावू लागली.

"होय," ती म्हणाली. "गोड आसा."

तिनं ती करंजी पूर्ण खाल्ली. सावकाश, चूर बोटांवर गोळा करत. संपल्यावर बोटं एकेक करून तोंडात घातली. मग ताटलीकडे पाहिलं. बाबा खाली डब्याकडे धावले, दुसरी आणून दिली. तिनं तीही खाल्ली. कित्येक आठवड्यांत एवढं तिच्या पोटात गेलं नव्हतं. बाबा गॅलरीत जाऊन आमच्याकडे पाठ करून उभे राहिले आणि त्यांनी कठडा दोन्ही हातांनी धरला.

आई मला म्हणाली, "खाली जा. आंटीकडसून फोन लाव."

"कुणाला?"

"मस्कताक."

"आत्ता? कशाला? काय सांगायचंय?"

"काय सांगूचा नाय. लाव."

गॅलरीतले बाबा वळले नव्हते, पण त्यांचे हात कठड्यावरून खाली आले.

फोन आंटीच्या बाहेरच्या खोलीत होता, त्याला कुलूप लावलेलं असे. आंटीनं काही न विचारता कुलूप काढलं. परदेशी फोन एक्स्चेंजमध्ये नोंदवावा लागे आणि मग थांबावं लागे. मी नंबर नोंदवला. भाऊ काम करायचा तिथल्या ऑफिसचा तो नंबर. त्याला बोलवून आणावं लागे. पहिल्यांदा लाइन मिळाली नाही. दुपारी मिळाली. ऑपरेटर म्हणाली, "पार्टी उचलत नाही." तेव्हा मला आठवलं की शुक्रवार आहे, तिकडे सुट्टीचा वार. ऑफिसात कुणी नसणार.

मी वर जाऊन हे सांगितलं. हे साधं, समजण्यासारखं कारण होतं. आईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "होय. सुट्टी." आणि डोळे मिटले. संध्याकाळी पेज दिली, तिनं मान हलवली. करंजी आणू का विचारलं, मान हलवली. पाणी घेतलं.

मला वाटलं होतं, बाबा तिला समजावतील. त्यांनी आयुष्यभर असल्या गोष्टींची टर उडवली होती. कारखान्यात ग्रहणाच्या दिवशी लेथ बंद ठेवणाऱ्या सहकाऱ्यांच्या गोष्टी ते आम्हाला रंगवून सांगत. पण ते रात्री जेवले नाहीत. आंटीला म्हणाले, ॲसिडिटी आहे. मग खाली बसून फोनकडे बघत राहिले, जरी तो त्या दिवशी लागणार नव्हता. आंटी त्यांच्यासमोर विणत बसली होती. एकदा तिनं मान वर केली. "वरचं तुम्ही बघणार होता ना?" ती म्हणाली. टोमणा म्हणून सुरू केलेलं वाक्य तिनं शेवटाकडे हळू केलं.

शनिवारी मी पाळीवर गेले. ऑफिसात टेलिप्रिंटर चालू होता. मी रात्रीपासूनचा सगळा कागद उलगडून पाहिला. आखाताच्या नावाखाली तेलाच्या भावाची एक बातमी होती आणि कुठल्याशा मंत्र्याच्या दौऱ्याची एक. अपघात नव्हता, आग नव्हती. याचा अर्थ काहीच होत नव्हता. मस्कतच्या एका साइटवर परांची कोसळून एक फिटर खाली आला तर ते आमच्या टेलिप्रिंटरवर येणार नाही, हे मला त्या खोलीतल्या कुणाहीपेक्षा चांगलं ठाऊक होतं. अशा बातम्या आम्हीच टाकून देत असू. तरी मी पाळी संपेपर्यंत पुन्हा पुन्हा यंत्रापाशी जात राहिले.

मी परत आले तेव्हा आई खाली होती. तिला वेताच्या खुर्चीत बसवून बाबांनी आणि गल्लीतल्या दोघांनी जिन्यावरून उतरवलं होतं. "लाइन मिळाली की वर बोलवायला येईपर्यंत तुटते," तिनं सांगितलं होतं, आणि ते खरं होतं. सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं. फोनच्या टेबलाशी ती ताठ बसली होती, आंटीनं मागे उशी ठेवली होती, तिला ती टेकली नव्हती.

घंटा वाजली. ऑपरेटरनं थांबायला सांगितलं. पलीकडून कुणीतरी हिंदीत बोललं, मग रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज, मग खूप वेळ कसलीतरी घरघर. आईनं रिसीव्हर दोन्ही हातांनी कानाशी धरला होता. बाबा तिच्या जवळच उभे होते, पण रिसीव्हरमधलं ऐकू येणार नाही एवढ्या अंतरावर.

मग भावाचा आवाज आला. तो इतक्या मोठ्यानं ओरडत होता की आम्हा सगळ्यांना ऐकू आला. "हॅलो! हॅलो! कोण? काय झालं?"

"मी आसंय," आई म्हणाली.

"आई? तू? काय झालं गं? बाबा कुठायत?"

"हयच आसत. तू बरो आसस मां?"

"मी? मला काय धाड भरलीये! आई, झालं काय? एवढा अर्जंट फोन?"

"हाताक पायाक काय लागला नाय मां?"

"नाही गं! साइटवरून धावत आलोय, सुपरवायझर शिव्या घालतोय. तू कशी आहेस? खातेस का?"

"खातंय. करंजी खाल्लंय काल. दोन खाल्लंय."

"करंजी? आता? कसली?"

आई थांबली. बाबा जमिनीकडे बघत होते.

"अननसाची," ती म्हणाली. "तुज्या बापाशीन केल्ली."

पलीकडे भाऊ हसला. बाबा आणि करंजी! आणखी काही विचारत होता, तेवढ्यात लाइन गेली. आईनं रिसीव्हर लगेच ठेवला नाही. मग आंटीकडे दिला आणि उशीला टेकली.

"भूक लागली," ती म्हणाली.

हे ऐकून बाबा हललेच नाहीत. मी त्यांच्या नजरेच्या रोखानं पाहिलं तेव्हा कारण कळलं. डबा आत ओट्यावर होता, पण तो आदल्या दिवशीचा डबा नव्हता. सकाळी मुंग्या लागल्या म्हणून आंटीनं करंज्या दुसऱ्या डब्यात काढल्या होत्या, एकेक झटकून. कागद फेकून दिला होता. वरच्या आणि खालच्या एकत्र झाल्या होत्या. आंब्याची कुठली आणि नुसत्या अननसाची कुठली, हे आता बाबांना सांगता येत नव्हतं, मलाही नाही. फोडून बघायच्या तर आईसमोर बघाव्या लागल्या असत्या.

"त्या शिळ्या झाल्या," बाबा म्हणाले. "मी ताज्या करतो. अर्धा तास."

"डबो हाडा," आई म्हणाली.

"अगो, पण..."

"हाडा तुमी."

बाबांनी डबा तिच्या मांडीवर ठेवला आणि एक पाऊल मागे सरले. आईनं झाकण काढलं. एक करंजी उचलली, नाकाशी धरली, डोळे मिटले. ती टेबलाच्या उजव्या बाजूला ठेवली. दुसरी उचलली, नाकाशी धरली, ती डाव्या बाजूला. पेटीतले आंबे लावावे तशी ती एकेक करंजी लावत गेली. कुठेही घोटाळली नाही. एकीला जरा जास्त वेळ नाकाशी धरलं, आणि मग तीही डावीकडेच ठेवली. आंटीनं मध्येच क्रूस केला आणि हात पदराखाली घेतला.

डबा रिकामा झाला. आईनं उजवीकडचा ढीग स्वतःकडे ओढला. "ह्यो माज्यो," ती म्हणाली. डावीकडचा हातानं बाबांकडे सरकवला. "ह्यो तुमच्यो. तुमी खावा."

बाबा काहीतरी बोलायला गेले.

"कालच्योय अननसाच्योच होत्यो," आई म्हणाली. "फुडेय अननसाच्योच करा."

"तुका झोंबता," बाबा म्हणाले.

"झोंबांदे."

तिनं आपल्यातली एक उचलली. पहिल्या घासाला तिचा चेहरा आवळला, डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं मनगटानं पुसलं. अर्धी खाल्ली. त्याच्या पुढे जात नव्हती, तरी ती हातात धरून बसली होती. मग तिनं पाहिलं की बाबा तसेच उभे आहेत.

"खावा म्हटलंय," ती म्हणाली. "एवढो खटाटोप केलास तो."

बाबांनी डाव्या ढिगातली करंजी घेतली आणि उभ्याउभ्या खाल्ली. मग दुसरी घेतली.

त्यानंतर डॉक्टरांनी दिलेली तारीखही पुढे गेली, आणि त्याच्या पुढची आम्ही विचारली नाही. पेटीतले आंबे संपेपर्यंत आई त्यांचे दिवस सांगत होती. बाबा रोज अननस आणत, डोळे काढत, आटवत आणि आंटीच्या ओव्हनच्या काचेतून आत बघत बसत. त्यांनी साखर वाढवून पाहिली, तूप वाढवून पाहिलं, अननस दोनदा उकळून पाणी काढून टाकून पाहिलं. झोंबायचं कमी होत नव्हतं. आई अर्धी खायची, नंतर नंतर पाव, नंतर नुसती हातात धरायची आणि बाबांना सांगायची, आज बरी झाली हां. ते पुन्हा खाली जाऊन पीठ भिजवत.